हरलेल्या कप्तानाच्या हातून

राग मला लवकर येतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दूधवाल्यावरचा राग चहा होईपर्यंत जातो, नवऱ्यावरचा जेवणापर्यंत. हॉकीच्या मैदानावरून घेऊन आलेला राग मात्र जात नाही. तो माझ्याबरोबर जगतपुऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये येतो, टेबलाशी बसतो, दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना पुन्हा उफाळून येतो. नवरा म्हणतो, "अगं, तुझं त्यात काय जातं? तू काय स्टिक हातात धरली आहेस का कधी?"

नाही धरली. माझ्या बाबांनीही नव्हती धरली. ते वर्ध्याकडचे, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात फिटर. बदली होऊन जयपूरला आले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. रेल्वे कॉलनीच्या मागे मुरमाचं एक मैदान होतं आणि तिथे दर हिवाळ्यात हॉकीची स्पर्धा व्हायची. धाकटा भाऊ तान्हा होता, आईला घरात एक तरी मूल कमी हवं असायचं, म्हणून बाबा मला सायकलच्या दांड्यावर बसवून मैदानावर न्यायचे. तिथल्या सिमेंटच्या पायऱ्या दुपारभर तापलेल्या असायच्या. हातात कागदाच्या पुडीतली तिळगुळाची गजक. समोर धुळीचा लोट, त्यात वाकलेली माणसं आणि लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. मला आधी खेळ कळलाच नाही. बाबा ज्या क्षणी श्वास रोखायचे त्या क्षणी मीही रोखायची, एवढंच. खेळ मग हळूहळू कळत गेला.

रेल्वे, पोलीस, सैन्य, बँका यांचे संघ यायचे. खेळाडू कागदावर कारकून, शिपाई, तिकीट तपासनीस असायचे, पण पगार त्यांना हॉकीचाच मिळायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे कोणी मला सांगायला लागलं की व्यावसायिक हॉकी आत्ता आली, आधी सगळे हौशी होते, की मला हसू येतं. पोटासाठीच खेळत होते तेही.

त्या स्पर्धेची एक रीत होती. विजेत्यांना कप पाहुण्याच्या हातून मिळत नसे. अंतिम सामना हरलेल्या संघाचा कप्तान टेबलावरचा कप उचलायचा आणि जिंकलेल्या कप्तानाच्या हातात द्यायचा. बाबा सांगायचे, पहिल्याच वर्षी मोठे साहेब बक्षीस द्यायला येणार होते आणि त्यांचीच गाडी लेट झाली. अंधार पडायला लागला, लोक घरी निघाले, तेव्हा हरलेला कप्तान वैतागून म्हणाला, आणा इकडे, मी देतो. खरं-खोटं बाबांनाच माहीत. पण तेव्हापासून पाहुणे यायचे, खुर्चीवर बसायचे, समोसे खायचे, दोन शब्द बोलायचे आणि कपाला हात न लावता जायचे.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आमची रेल्वे अंतिम सामना हरली, पोलिसांशी. रेल्वेचा कप्तान फुलबॅक होता, भिंतीसारखा माणूस. शेवटचा गोल त्याच्याच पायांमधून गेला होता. तो टेबलापाशी आला तेव्हा सरळ रडत होता. बाहीनं तोंड पुसलं, कप उचलला आणि पोलिसांच्या कप्तानापुढे धरला. त्यानं एका हातानं कप घेतला आणि दुसऱ्या हातानं ह्याचं मनगट धरलं. दोघंही थोडा वेळ तसेच उभे राहिले, मध्ये तो कप.

मी बाबांना विचारलं, "बाबा, तो काहून रडून राहिला?"

"हरला न तो."

"मंग कप त्याच्याच हातात कसा?"

"त्याच्याच हातून द्या लागते. हरलेल्याच्या हातून भेटला त तो कप. नाही त भांड्याच्या दुकानातून बी आणता येते."

मी पुढे रेल्वेच्याच लेखा विभागात लागले, लग्न झालं, मुलगी झाली. पायऱ्यांवरची जागा मात्र सोडली नाही. बाळंतपणाचं वर्ष आणि बाबा गेले ते वर्ष, एवढेच हिवाळे चुकले.

मला लोक जुनाट समजतात, म्हणून सांगते. मुरूम जाऊन टर्फ आलं तेव्हा मी कुरकुरले, पण पहिल्याच सामन्यात चेंडू असा सरळ रेघेत पळताना पाहिला आणि गप्प बसले. दोन हाफ जाऊन चार क्वार्टर झाले, ठीक आहे, पोरांना पाणी प्यायला मिळतं. ऑफसाइड गेला, चांगलंच झालं. रात्रीचे दिवे आले, हेल्मेट आलं, व्हिडिओवर पंचांचा निर्णय तपासता यायला लागला. ते सगळं मला आवडतं. नियम हे खेळासाठी असतात, बदलतात. पण रीत वेगळी. रीत माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं त्याची असते. ती बदलायला निघालेल्या माणसाला आधी विचारलं पाहिजे की बाबा रे, तुला ती माहीत तरी आहे का?

काही वर्षांपूर्वी ती स्पर्धा एका कंपनीनं चालवायला घेतली. रेल्वे, पोलीस ही नावं गेली. संघांना वाघ, गरुड, तुफान अशी नावं आली. खेळाडूंचा लिलाव सुरू झाला. गेल्या वर्षी वाघ असलेला मुलगा यंदा गरुड, मग मी ओरडू कोणाच्या नावानं? जिथे एक जुने मास्तर माइकवरून शांतपणे सांगायचे, "बाईं ओर से आक्रमण", तिथे आता एक माणूस चेंडू बाहेर गेला तरी किंचाळतो. पेनल्टी कॉर्नरच्या आधी गाणं वाजतं. पेनल्टी कॉर्नरच्या आधी! अख्ख्या मैदानानं श्वास धरायचा तो क्षण. गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या, हातमोज्याचा आवाज यायचा आम्हाला पायऱ्यांपर्यंत. आता कमरेत लचकायचं आणि मोबाइलचा दिवा हलवायचा.

तरी मी जात होते. कारण एवढ्या सगळ्या गोंधळात ती एक रीत टिकली होती. कंपनीच्या लोकांचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं म्हणून टिकली होती, हे मला नंतर कळलं.

गेल्या हिवाळ्यात एका साखळी सामन्यात गोलासमोरच्या डीमध्ये बचावपटूच्या पायाला चेंडू लागला आणि पंचानं पेनल्टी कॉर्नर दिला नाही. मी उठून उभी राहिले आणि जे काही बोलले ते कोणीतरी मोबाइलवर टिपलं. दोन दिवसांत ते जयपूरभर फिरलं. 'हॉकीवाली आंटी.' प्रताप नगरच्या बाजारात पनीरवाल्यानं मला ओळखलं. नवऱ्याला फार मजा वाटली. मुलगी वैतागली. त्याला कारण होतं.

माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. त्या वर्षीपासून ती त्याच लीगमधल्या एका संघाबरोबर करारावर काम करत होती. तिचं मराठी असं आहे की अर्धं वाक्य आमच्याकडचं आणि अर्धं जयपूरचं. ती म्हणाली, "आई, मतलब तू माझ्या टीमच्याच मॅचला जाऊन ओरडणार? सगळे मला विचारतायत, तुम्हारी मम्मी है क्या म्हणून."

"मग सांग, हो."

"सांगितलं. पर्याय काय आहे?"

आठवड्याभरात कंपनीच्या मार्केटिंगच्या एक बाई आमच्या घरी आल्या. तिशीच्या असतील, बोलायला गोड. त्यांनी सोफ्यावर बसून मला सांगितलं की लीगला आता 'विरासत' दाखवायची आहे. जुने प्रेक्षक, जुन्या आठवणी. अंतिम सामन्याला मी मैदानालगतच्या खास जागेत बसायचं, पाठीवर 'आंटी' लिहिलेली जर्सी घालायची आणि बक्षीस समारंभाआधी माइकवर एक मिनिट बोलायचं.

मी म्हटलं, "बोलेन. पण कप हरलेलाच कप्तान देणार ना?"

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, अगदी साहेबांच्या लेट झालेल्या गाडीपासून. त्यांचे डोळे चमकले. "आंटीजी, ये तो कमाल है," म्हणाल्या. "नक्की. शंभर टक्के. परंपरा तर आमची थीमच आहे."

मी विश्वास ठेवला. मला वाटलं, चला, कोणीतरी ऐकलं. त्या दिवशी मी त्यांना पोह्यांबरोबर तिळाची वडीही दिली.

अंतिम सामन्याच्या दिवशी मी पंजाबी ड्रेसवर ती जर्सी चढवली. नवरा थर्मास घेऊन बरोबर. आम्हाला पांढऱ्या सोफ्यावर बसवलं. सोफ्यावरून हॉकी बघणं किती वाईट असतं हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. फार खाली, फार जवळ, समोर कॅमेऱ्यांच्या वायरी. वरच्या पायऱ्यांवरून मला पूर्ण मैदान दिसायचं, इथून फक्त राखीव खेळाडूंच्या पाठी.

सामना सुरू व्हायच्या आधी मी त्या बाईंना विचारलं, कपाचं टेबल कुठे आहे? त्यांनी स्टेजकडे बोट केलं. मागे जाहिरातींचा भलामोठा पडदा, दोन्ही बाजूंना फटाक्यांची नळकांडी.

"आणि हरलेला कप्तान कुठून येणार?"

त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "आंटीजी, थोडा बदल झालाय. हरलेल्या टीमला आधी मेडल देऊन आत पाठवणार. स्टेज रिकामं लागतं ना फटाक्यांसाठी. ट्रॉफी आमचे चेअरमन देतील, बरोबर टीव्हीवरचे एक ॲक्टर असतील. पण तुमचं ते एक मिनिट आहे हं! त्यात सांगा ना तुम्ही ती गोष्ट. फार इमोशनल आहे."

म्हणजे रीत मोडायची आणि तिची गोष्ट मी सांगायची. माझ्याच तोंडून, त्यांच्याच जर्सीत. माझे कान तापले. नवऱ्यानं हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला.

सामना मात्र फार सुंदर झाला, हे कबूल केलं पाहिजे. मुलीचा संघ एका गोलनं मागे होता आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या कप्तानानं, झारखंडकडचा सेंटर हाफ आहे तो, मधूनच असा चेंडू काढला की दोन माणसं जागच्या जागी फिरली. बरोबरी झाली. त्याच धावेत त्याच्या मांडीचा स्नायू गेला. मुलगी बॅग घेऊन धावत आत गेली. तिनं त्याला बाहेर यायला सांगितलं, त्यानं मान हलवली, पट्टी बांधून खेळला. मग शूटआउट. त्यात ते हरले.

तो टर्फवर बसून राहिला. मुलगी त्याच्या मांडीवर बर्फ दाबून धरत होती. तेवढ्यात माझं नाव, म्हणजे 'आंटी', स्पीकरवर पुकारलं गेलं आणि माझ्या हातात माइक आला.

मी काय बोलले ते मला शब्दशः आठवत नाही. रागात आठवत नाही. एवढं म्हटलं की ह्या मैदानावर कप नेहमी हरलेल्या कप्तानानं दिला आहे, चेअरमनसाहेबांनी खुशाल टाळ्या वाजवाव्यात, पण कपाला हात लावू नये. वरच्या पायऱ्यांवरून शिट्ट्या आल्या, जुने लोक होते तिथे. मग मी त्या मुलाकडे वळून म्हटलं, "कप्तानसाहेब, ये. हे तुझं काम आहे. तू ये."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळे कॅमेरे त्याच्याकडे वळले. मुलगी त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसली होती. तिनं माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. एकदाच. तो तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठला, लंगडत वळला आणि आत निघून गेला.

माइक बंद झाला. मी आणखी काही बोलत होते, पण माझाच आवाज मला ऐकू येईना. गाणं सुरू झालं. फटाके उडाले. चेअरमन कप देत होते, शेजारचा नट हात हलवत होता आणि ज्यांनी जिंकला त्या पोरांना त्या धुरात आपण कोणाशी खेळलो हेसुद्धा दिसत नसेल.

मी जर्सी काढून सोफ्यावर ठेवली आणि मागच्या बाजूला गेले, जिथे संघांच्या बस उभ्या असतात. नवरा मागून येत होता, "अगं, राहू दे ना, अगं," म्हणत.

मुलगी बसच्या दाराशीच होती. तिला रागावलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे, माझीच मुलगी ती. पण तशी नाही.

"आई, काय केलंस तू हे?"

"मी काय केलं? त्यांनी शब्द दिला होता मला."

"तो चालू शकत नव्हता! स्नायू फाटलाय, ग्रेड टू टियर आहे. आणि तू पूर्ण स्टेडियमसमोर त्याला बोलावते. कॅमेरे लावून."

"तुझ्या आजोबांच्या वेळचा फुलबॅक रडत आला होता. तरी आला होता."

"मला माहीत आहे तो फुलबॅक! लहानपणापासून ऐकतेय मी. त्याचं पुढे काय झालं तेही ऐकलंय तुझ्याकडूनच. चाळिशीत दोन्ही गुडघे गेले, जिना चढता येत नव्हता. तेव्हा फिजिओ होता का कोणी? तुझ्या त्या परंपरेत कोणाच्या गुडघ्यांना जागाच नव्हती. इथे निदान ह्यांचं एमआरआय होतं, आई. ह्यांना पैसे मिळतात."

"पैशांना मी कधी नाही म्हटलं? मिळू देत. दुप्पट मिळू देत. मी कपाबद्दल बोलतेय."

"तुला फक्त कप दिसतो."

हे मला फार लागलं. मी काहीतरी वाईट उत्तर देणार होते, तेवढ्यात बसच्या पायरीवर तो कप्तान आला. मांडीला बर्फाची पट्टी, पायात चपला. आम्ही मराठीत भांडत होतो तरी त्याला काय ते कळलं असावं.

तो हिंदीत म्हणाला, "आंटी, मला खरंच माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नाही असं काही असतं म्हणून."

"आता कळलं ना?"

"कळलं. पण माहीत असतं तरी मी आलो नसतो." तो अगदी शांतपणे बोलत होता. "हरल्यावर मला कोणाचं तोंड बघवत नाही."

"म्हणूनच करायचं असतं ते, बेटा. ज्याला बघवत नाही त्यानंच."

त्यानं थोडा विचार केला. मग म्हणाला, "तुमच्या वेळच्या कप्तानाला दुसऱ्या दिवशी नोकरी होती. मला लिलावात उभं राहायचंय. रडतानाचा माझा फोटो निघाला की तो आधी लिलावात पोचतो. मालक बघतात. हा मनानं कच्चा आहे म्हणतात."

मी त्याला विचारलं, पाय फार दुखतो का? तो म्हणाला, आता दुखतोय. मुलगी म्हणाली, पुरे, आत जा, पाय वर ठेव. तो गेला.

घरी येईपर्यंत राग गेला नव्हता, उलट वाढला होता, पण त्याचं तोंड फिरलं होतं. त्या मुलावर रागावण्यात काही अर्थच नव्हता. ज्यांनी हरण्याला अशी किंमत लावून ठेवली की माणसाला मैदानात उघडपणे रडताही येऊ नये, त्यांच्यावर तो राग होता. माझ्या लहानपणी रडणारा तो फुलबॅक दुसऱ्या दिवशी कॉलनीत दूध आणायला निघाला तेव्हा लोक त्याला वाट देत होते. काल ह्यानं कप दिला, म्हणून. रीत होती म्हणून त्याला हरताही आलं. हे मला त्या मुलाला सांगायला हवं होतं आणि ते बस निघून गेल्यावर सुचलं.

मुलीनं बरेच दिवस फोन केला नाही. मीही केला नाही. नवरा दोघींशी वेगवेगळं बोलायचा आणि एकीचं दुसरीला सांगायचा, जरा गोड करून. शेवटी एका रविवारी ती आली, स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या भाकरीचा तुकडा मोडून म्हणाली, "त्याची मांडी बरी झाली. धावतोय."

"बरं झालं."

"आणि तो विचारत होता, ती फुलबॅकची गोष्ट पूर्ण काय आहे म्हणून. मी सांगितली."

"बरोबर सांगितलीस का?"

"आई!"

ह्या वर्षी स्पर्धेच्या आधी मार्केटिंगच्या बाईंचा फोन आला. आवाज तसाच गोड. "आंटीजी, खुशखबर. तुमची आयडिया घेतलीय आम्ही." माझी आयडिया! हरलेला कप्तान कप देणार होता. त्याला नाव दिलं होतं 'खेल भावना का पल' आणि तो क्षण एका टाइल्सच्या कंपनीनं विकत घेतला होता. मी परत सोफ्यावर बसायला येईन का? मी म्हटलं, नाही, मी तिकीट काढून येईन. त्या म्हणाल्या, पास पाठवते. मी म्हटलं, तिकीट.

अंतिम सामन्याला मी माझ्या वरच्या पायरीवर होते. नवरा शेजारी. तो झारखंडचा कप्तान लिलावात दुसऱ्या संघात जाऊन तिथलाही कप्तान झाला होता आणि तोच संघ ह्या वेळी अंतिम सामन्यात जिंकला. मुलीचा संघ पुन्हा हरला. त्यांचा ह्या वर्षीचा कप्तान गोली होता, पंजाबचा, वयानं जरा मोठा.

स्पीकरवर आधी टाइल्सचं नाव आलं. मग पुन्हा टाइल्सचं नाव. मग हळवं व्हायोलिन वाजायला लागलं. एक क्रेन कॅमेरा खाली आला. गोली पॅड काढून, घामानं निथळत टेबलाकडे चालला होता. मला ओरडावंसं वाटत होतं की निदान ते व्हायोलिन तरी बंद करा. त्यानं कप उचलला आणि समोरच्याला दिला. समोरच्यानं दोन्ही हातांनी घेतला, वाकून काहीतरी बोलला. काय बोलला ते मला वरून ऐकू येणं शक्यच नव्हतं.

आणि मग काळ्या टी-शर्टातला एक माणूस धावत मध्ये आला आणि त्यानं हातानं खूण केली. पुन्हा. क्रेनच्या कॅमेऱ्याला शॉट नीट मिळाला नव्हता. कप परत द्या, तुम्ही तिकडून परत चालत या.

हरलेल्या माणसाला म्हणे, पुन्हा चालत ये!

मी उभी राहिले. "एकदाच!" मी ओरडले. "एकदाच असतं ते! एकदाच!"

आमच्या पायऱ्यांवर आता पूर्वीची फार माणसं उरलेली नाहीत. पण होती तेवढी उठली. मग त्यांच्या मागची पोरं उठली, ज्यांना काय चाललंय ते माहीतही नव्हतं. एकदाच, एक ही बार, एक ही बार. व्हायोलिनपेक्षा आमचा आवाज मोठा झाला.

खाली तो गोली रिकाम्या हातांनी उभा होता, काय करावं हे न कळून. झारखंडच्या मुलानं कप छातीशी धरला होता. काळ्या टी-शर्टवाला हात पुढे करून उभा होता. मुलानं मान हलवली आणि कप काही परत दिला नाही. एका हातात कप घेऊन त्यानं दुसरा हात गोलीच्या खांद्यावर टाकला आणि दोघं क्रेनकडे पाठ करून हरलेल्या संघाच्या बाकाकडे चालायला लागले. तिथे माझी मुलगी उभी होती. तिनं वर पायऱ्यांकडे पाहिलं. मी दिसले की नाही, कोण जाणे.

नवरा टाळ्या वाजवत होता. "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"कसलं मनासारखं?" मी म्हटलं. "टाइल्सवाल्याचं नाव किती वेळा घेतलं ऐकलंत ना? आणि त्या गोलीचं नाव एकदा तरी घेतलं का?"

बाहेर आम्ही मुलीची वाट बघत गेटपाशी थांबलो. ती बॅग सावरत आली, थकलेली, हरलेल्या संघाची. मी तिच्या हातातली बॅग घेतली. आत बर्फाचं पाणी झालं होतं, बॅग जड झाली होती.

"काय म्हणाला तो त्याला, कप घेताना?" मी विचारलं.

"मला नाही सांगितलं. मीही नाही विचारलं."

"विचारायचं ना."

"आई, ते त्यांचं त्यांचं आहे."

गाडीत बसल्यावर तीच म्हणाली की उद्या टीमची मीटिंग आहे, कंपनीचे लोकही येणार आहेत, काही सांगायचं असेल तर सांग. मी सुरुवात केली. व्हायोलिन, क्रेन, काळा टी-शर्ट, पेनल्टी कॉर्नरच्या आधीचं गाणं. जगतपुऱ्याच्या पुलावर ट्रॅफिक अडला होता, त्यामुळे वेळ भरपूर होता. ती सीटवर डोकं टेकून ऐकत होती आणि मध्ये मध्ये म्हणत होती, "हे नाही होणार, आई." "हे पण नाही." "हे विचारते."

"कोणतं विचारतेस?"

"पेनल्टी कॉर्नरचं. मलाही त्या गाण्यात गोलीची हाक ऐकू येत नाही."

"तेच तर मी म्हणतेय," मी म्हटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.